अर्धा आटा

दगडूभाई कुणाच्याही दारात आले की आधी मान वर करून छपरावरच्या अँटिन्याकडे बघायचे. राम राम, कसं काय, पोरंबाळं बरी का, हे सगळं मागून. पहिल्या भेटीत मला या माणसाचा रागच आला होता. मी शाळेतली बाई, नुकतीच बदलून आलेली, दारात उभी राहून 'या' म्हणतेय, आणि हा गृहस्थ माझ्या डोक्यावरून स्लॅबकडे टक लावून उभा. मी म्हटलं, "अहो, घर खाली आहे." तर म्हणतात कसे, "व्हय बाई. पर दुखनं वर हाय."

दुखणं वर होतं हे खरं. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. बातम्या सांगणारी बाई मुंग्यांच्या वारुळात बसून बोलल्यासारखी दिसायची. अँटिना मी स्वतः उभा केला होता, आणि अगदी विचार करून तालुक्याच्या टॉवरकडे तोंड करून. गावातले बाकीचे सगळे अँटिने टॉवरकडे पाठ फिरवून पश्चिमेच्या कड्याकडे बघत होते, आणि या लोकांना कुणी काही शिकवलं नाही का, असं मला वाटत होतं. माझा स्वभावच तसा. खडू हातात धरून तीस वर्षं झाली की माणसाला सगळं जग चौथीच्या वर्गात बसलंय असं वाटायला लागतं.

हे गाव अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या अलीकडे, कड्याखाली खोलात बसलेलं. मी देवळाली प्रवऱ्याची. आमच्याकडे उसातून बाहेर आलं की चारी बाजूंना आभाळ जमिनीला टेकलेलं. इथे पूर्वेला डोंगर, पश्चिमेला कडा, आणि मधे आम्ही. टॉवर पूर्वेच्या डोंगरापलीकडे. दगडूभाई वर चढले, पाना काढला आणि माझा अँटिना गर्रकन उलटा फिरवून कड्याकडे केला. खाली चित्र लख्ख. मी खालून ओरडले, की टॉवर तर तिकडे आहे. ते शांतपणे उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "बाई, डोंगराआडून हाक मारली तर ती बी कड्यावर आपटूनच येती की आपल्याकडं. चित्राचं तसंच हाय."

हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. गावात पहिला टीव्ही आला तेव्हा एक साहेब येऊन 'या खोलात चित्र येणं शक्य नाही' म्हणून सांगून गेला होता. दगडूभाईंनी आठवडाभर पाईप खांद्यावर घेऊन गावभर फिरून कड्याची ती जागा शोधून काढली. पुढे टीव्ही घेणारा प्रत्येक जण आधी त्यांना विचारायचा.

माणूस शिडशिडीत, उंच, पांढरी टोपी, पायजमा गुडघ्यांवर घासून पिवळा पडलेला. पाना कमरेला खोचलेला असायचा, लग्नाकार्यातसुद्धा. बोलणं आमच्या कुणाही शेतकऱ्यासारखंच. मूळचे नेवाशाकडचे, रेडिओ दुरुस्तीच्या निमित्ताने इकडे आले आणि राहिले. मूलबाळ नव्हतं. बायको मी यायच्या आधीच गेलेली. पिठाच्या गिरणीमागे एक खोली, तीत एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतीभर तारा. टीव्ही नाही. सबंध गावाला टीव्ही दाखवणाऱ्याच्या घरी टीव्ही नाही म्हणून मी एकदा डिवचलं, तर म्हणाले, "एकट्यानं काय बघायचं त्यात?"

मालिका मात्र त्यांना सगळ्या ठाऊक होत्या, त्याही फक्त कानाने. स्लॅबवर पाच मिनिटं, पत्र्यावर दहा मिनिटं, असे तुकडे तुकडे ऐकलेले. एकदा माझ्याकडे चहा पिता पिता फार काळजीने विचारलं, की त्या धाकट्या सुनेला सासरच्यांनी शेवटी माहेरी पाठवलं का. ती मालिका संपून दोन वर्षं झाली होती. मला शेवट आठवेना. मी आपलं ठोकून दिलं, की पाठवलं, आणि मग नवरा आणायला गेला. त्यांना बरं वाटलं.

काम करण्याची त्यांची एक रीत होती. वर चढण्याआधी विचारणार, "या घरात बघतं कोन आन् ऐकतं कोन?" त्या जुन्या अँटिन्यात असं होतं, की चित्र लख्ख करायला गेलं की आवाज खरखरायचा, आणि आवाज मोकळा झाला की चित्रात मुंग्या यायच्या. दोन्ही एकदम क्वचितच मिळायचं. मग क्रिकेटवाल्या पोरांच्या घरी चित्र आणि म्हाताऱ्यांच्या घरी आवाज, अशी त्यांची वाटणी. हौसाबाई म्हणून एक म्हातारी होती, डोळे पूर्ण गेलेले. तिच्याकडे त्यांनी आवाज असा बसवून दिला होता की रेडिओ झक मारेल, पण पडद्यावर पाहाल तर निव्वळ वाळू. तिचा मुलगा भांडायला आला, की आम्ही काय आंधळे आहोत का. दगडूभाई म्हणाले, "तुमी दिवसभर रानात. टीवी मावशीची हाय." मुलगा पुटपुटत गेला. पण अँटिन्याला त्याने हात लावला नाही.

आणखी एक गोष्ट, ती लक्षात ठेवायला हवी. दगडूभाई बोलावल्याशिवाय कुणाच्या घरी जात नसत. तीस वर्षं गावात काढून म्हणायचे, मी बाहेरगावचा माणूस, बिनकामाचा कुणाच्या उंबऱ्यावर जात नाही. ईदेला स्वतः शीरखुर्मा करून घरोघर डबा द्यायचे, पण दारातून. 'आत या' म्हटलं तर 'पुढं जायचं हाय' म्हणून सटकायचे. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, तेव्हा डब्यातून त्यांना पुरणपोळी पोचायची, लाडू पोचायचे. पण ती पोचवायला कुणातरी पोराला पाठवलेलं असायचं. त्या खोलीत जाऊन त्यांच्याजवळ घटकाभर बसलेलं मी कुणालाच पाहिलं नाही. मीही कधी बसले नाही, खोटं कशाला बोलू.

बोलावणं यायचं ते वाऱ्यामुळे. आमच्याकडचा वारा म्हणजे कड्यावरून कोसळतो तो. एक रात्र वारा झाला की सकाळी निम्म्या गावाचे अँटिने भलतीकडे तोंड करून उभे, आणि दगडूभाईंच्या नावाने हाका सुरू. तो त्यांचा सणाचा दिवस. टोपी धुतलेली, पाना पुसलेला. या घरून त्या घरी, वरून विचारणार 'आलं का?', खालून सगळं घर ओरडणार 'आलं, आलं... गेलं!', आणि मग चहा. दिवसाला सात-आठ चहा व्हायचे. माझ्याकडे येईपर्यंत पोटात जागा नसायची, तरी नको म्हणाले नाहीत. कोणाच्या म्हशीला काय झालं, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, सगळं मला त्या दिवशी कळायचं. एरवी महिना महिना हा माणूस मुका.

एका उन्हाळ्यात मी स्लॅबवर कुरडया घालत होते. तोल सावरायला अँटिन्याच्या पाईपला धरलं, तर पाईप हातात फिरला. खाली चित्र गेलं. मी खवळले. दगडूभाईंना निरोप धाडून बोलावलं आणि चांगलं फैलावर घेतलं, की तुमचा नट ढिला आहे, काम करता की चेष्टा. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, की पाईपला वाऱ्यात थोडं फिरायला जागा लागते, घट्ट आवळला तर वाकतो. नटाचा एक पुरता फेरा म्हणजे एक आटा, त्याचा अर्धा ढिला ठेवायचा. "अर्धा आटा, बाई. जास्त न्हाई, कमी न्हाई." मला ते इतकं पटलं, की पुढच्याच आठवड्यात मी ते वर्गातल्या पोरांना शास्त्र म्हणून शिकवलं. फळ्यावर आकृतीही काढली.

मग ते पत्र आलं. तालुक्याचा टॉवर बंद होणार, आता जुन्या अँटिन्यावर काही दिसणार नाही, ज्यांच्याकडे अजून अँटिना आहे त्यांनी डिशची छत्री आणि टीव्हीला जोडायचा तिचा डबा बसवून घ्यावा. ज्यांची ऐपत होती त्यांच्या घरांवर छत्र्या आधीच उगवल्या होत्या. राहिली होती ती म्हाताऱ्यांची, एकट्या बायकांची, वरच्या वाडीतली घरं, आणि माझं. ग्रामसेवकाने यादी केली आणि नेहमीप्रमाणे माझ्या हातात ठेवली. पोलिओ असो, मतदान असो, शेवटी शाळेचीच बाई. छपरं ओळखणारा माणूस म्हणून दगडूभाईंना माझ्या जोडीला दिलं.

मला ते बरोबर वाटेना. ज्याचं सगळं काम अँटिन्यावर, त्यालाच घरोघर जाऊन अँटिने काढायला सांगायचं म्हणजे काय. मी त्यांना तसं म्हटलंही, की तुम्ही नाही म्हणा, शहरातून माणूस येईल. ते म्हणाले, "त्यो येऊन बसवून जाईल. पर कोनाच्या घरात कोन ऐकतं, त्याला काय ठावं?"

पहिली छत्री दाखवण्यासाठी म्हणून पंचायतीच्या स्लॅबवर बसवायची ठरली. निम्मं गाव जमलं. आणि आता सांगायला लाज वाटते, पण आम्ही ती छत्री कड्याकडे तोंड करून लावली. तीस वर्षं चित्र तिथूनच येत होतं, तेव्हा दुसरीकडे बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जरा वर, जरा खाली, जरा डावीकडे, दुपार गेली. पडदा काळा ठिक्कर. प्रत्येक जण कड्याची एकेक जागा सुचवतोय, ग्रामसेवक घाम पुसतोय, आणि मी, डी.एड. झालेली बाई, पाईप धरून उभी. शेवटी खोक्याच्या तळाशी एक कागद सापडला. मी चष्मा लावून वाचला. तोंड आग्नेयेला करा आणि आकाशाकडे वर बघा, असं लिहिलं होतं.

लोक हसले, मीही हसले. दगडूभाई हसले नाहीत. छत्री फिरवून त्यांनी आभाळाकडे केली. मिनिटाभरात चित्र आलं, काचेसारखं, एक मुंगी नाही. टाळ्या पडल्या. ते वरच उभे होते, कड्याकडे बघत. खाली आल्यावर मला हळूच विचारलं, "म्हंजी कड्याचं काम संपलं?" मी म्हटलं, संपलं.

पण एकदा समजल्यावर त्यांनी ते काम असं काही अंगावर घेतलं की विचारू नका. आग्नेय दिशा लोकांना कळेना, तर 'चुलीच्या कोपऱ्याकडं' असं सांगायला लागले. इकडे चूल त्याच कोपऱ्यात असते. प्रत्येक घरी बसून रिमोट शिकवायचा, दहादा शिकवायचा. आता मुंग्या येणार नाहीत, आलं तर पुरतं येईल, नाहीतर काळं होईल, काळं झालं तर घाबरायचं नाही, हे समजावायचं. हौसाबाईला रिमोट दिसणार कसा? तर त्यांनी तिच्या आवडीच्या बटणावर आणि चालू-बंदच्या बटणावर लाखेचा एकेक थेंब टाकला. म्हातारीने बोट फिरवून दोन्ही थेंब चाचपले, टीव्ही लावला, बंद केला, पुन्हा लावला. खूश झाली. मग तोंड आवाजाच्या दिशेने वळवून म्हणाली, "मंग दगडू, आता तू कवा येशील?"

"छत्री हालली की येईन, मावशी."

"आन् न्हाई हालली तर?"

दगडूभाई उठले. पाना घेऊन वर गेले. मी शिडी धरायला मागोमाग गेले. दोन पायऱ्या चढून बघते तर हा माणूस छत्रीचा नट सगळं अंग टाकून आवळतोय. मनगटाच्या शिरा टरारल्या होत्या. मी आपली शाळामास्तरीण, मी म्हटलं, "दगडूभाई, अहो अर्धा आटा?"

ते पत्र्याच्या कडेला टेकले. पाना पुसायला लागले.

"पाईप वाकत न्हाई, बाई," ते म्हणाले. "त्ये मी तुमाला खोटं सांगितलं हुतं."

मी शिडीची आणखी एक पायरी चढले.

"आमची ही गेली, त्या साली लई वारा झाला. एका दिसात नऊ घरांनी बोलावलं. सांजच्याला घरी आलो तवा ध्यानात आलं, त्याच्या आदी महिनाभर कोनी माज्याशी बोललंच न्हवतं. मंग ठेवाया लागलो ढिला. लई न्हाई. अर्धाच."

मला आधी रागच आला, देवाशपथ. सबंध गावाला इतकी वर्षं फसवलं, आणि मी ते फळ्यावर काढून शिकवलं. मी म्हटलं, "म्हणजे माझ्याकडेसुद्धा?" ते म्हणाले, "तुमच्याकडं तर हमखास. तुमचा च्या चांगला असतो." मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले, ते मी कड्याकडे तोंड करून पुसले. मग म्हटलं, की छत्रीचाही ठेवा की तसाच ढिला, माझी काही तक्रार नाही. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. म्हणाले, अँटिना हलला तरी आवाज तरी राहायचा, मुंग्यांत का होईना. मी येईपर्यंत म्हातारीला सोबत असायची. हे बोटभर हललं तरी सगळं काळं आणि मुकं होतं. तिला तसं कसं ठेवू. एवढं बोलून त्यांनी नटाला आणखी एक पीळ दिला.

यादीतलं एकेक घर त्यांनी असं आपल्या हाताने घट्ट आवळून टाकलं.

टॉवर बंद होण्याच्या दिवशी मी त्यांना मुद्दाम बोलावलं. माझी छत्री बसली होती, पण जुना अँटिना अजून काढला नव्हता. त्याची तार टीव्हीला लावून द्या, शेवटचं काय दिसतं बघू, असं निमित्त केलं. ते खुर्चीच्या टोकावर बसले. शेतीचा कार्यक्रम चालू होता, कुणीतरी डाळिंबावरच्या रोगाबद्दल सांगत होतं. बोलता बोलता तो माणूस गेला आणि मुंग्या आल्या. एवढंच. दगडूभाई झटकन उठले, कमरेचा पाना काढला आणि दारापर्यंत गेले. तिथे थांबले. परत येऊन बसले आणि म्हणाले, "सवय." मी टीव्ही बंद करायला गेले तर म्हणाले, राहू द्या जरा वेळ. आम्ही दोघं मुंग्या बघत चहा प्यायलो.

त्यानंतर वारे आले आणि गेले. छत्र्या जागच्या हलल्या नाहीत. कामच तसं केलं होतं. गाव काही वाईट नव्हतं हो. कुणी त्यांना नको म्हटलं नाही. बोलवायला कारण उरलं नाही, इतकंच. वारा झाल्यावर सकाळी ते धुतलेली टोपी घालून गावातून एक फेरी मारायचे, मान वर करून, एकेक छप्पर बघत. सगळ्या छत्र्या चुलीच्या कोपऱ्याकडे बघत ठाम उभ्या. मग गिरणीमागे परत. मी रस्त्यात भेटले की म्हणायची, नुसते या हो चहाला. ते म्हणायचे, येतो की. कधी आले नाहीत.

आणि एक दिवस आले. न बोलावता. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला घेतलेले, गठ्ठे चहूकडे पसरलेले, आणि हे दारात. मान वर नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. म्हणाले, "छत्री ठीक हाय ना, बाई?" मी लाल पेन हातात धरूनच म्हटलं, "एकदम ठीक. काही बघायला नको." ते म्हणाले, "बरं हाय मंग," आणि गेले.

संध्याकाळी चहा उकळत ठेवला तेव्हा डोक्यात उजेड पडला. तीस वर्षांचा नेम मोडून तो माणूस माझ्या उंबऱ्यापर्यंत आला होता, आणि मी त्याला प्रगतिपुस्तकावरचा शेरा देऊन परत पाठवलं होतं. एवढी शिकलेली बाई, पण अक्कल म्हणून नाही. स्वतःचा इतका राग आला, की तो चहा मी ओतून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्यांचा पाना मागून आणला, स्लॅबवर गेले आणि माझ्या छत्रीचा नट सोडला. हातावर फोड आला इतका तो घट्ट होता. छत्री दुसरीकडे फिरवली. खाली येऊन पाहिलं, पडदा काळा. मग निरोप धाडला, की टीव्ही बंद पडलाय, लगेच या.

ते आले. वर चढले. गुडघे दुखत असावेत, दर पायरीला थांबत होते. वरून आवाज आला, "आलं का?" मी खालून म्हटलं, "नाही." आलं होतं, पण म्हटलं नाही. "आता?" "थोडं." असं आम्ही बराच वेळ केलं. मग ते उतरले आणि दोन कप चहा प्यायले. हौसाबाईची चौकशी केली, शाळेची केली. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "काल वारा न्हवता, बाई."

मी रिकामे कप उचलले.

"तुमी दोन आटे काढले. त्ये तुमाला जमायचं न्हाई. पुन्यांदा हात लावू नका, त्ये माजं काम हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, मानी माणसाला आपण भीक घालायला गेलो आणि त्याने ती ओळखून परत केली. त्यानंतर मी त्या नटाला हात लावला नाही, आणि खोटं निमित्त करून बोलवायचंही धाडस केलं नाही. रस्त्यात दिसले तरी 'चहाला या' म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, त्यांचा मान राहू दे. त्याच उन्हाळ्यात घरमालकाने स्लॅबवर पाण्याची मोठी काळी टाकी बसवली. पाण्याची सोय झाली आणि मी माझ्या कामाला लागले. दोन पावसाळे गेले.

मग मी निवृत्त झाले. सामान न्यायला देवळालीहून टेम्पो आला. छत्री उतरवायची आहे म्हणून दगडूभाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. खरं काम होतं, म्हणून सांगायला संकोच वाटला नाही. ते आले, टोपी धुतलेली. पण शिडीच्या दुसऱ्या पायरीवरच त्यांचा गुडघा थरथरायला लागला. टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला, चाचा, तुम्ही उतरा, मी काढतो. त्यांनी उतरून पाना त्याच्या हातात दिला.

ड्रायव्हर वर गेला आणि लगेच ओरडला, "अहो बाई, ह्याला पाना कशाला? नट ढिलाच हाय. बोटानं फिरतोय."

मी विचारलं, "किती ढिला आहे?"

त्याला प्रश्न येडपटच वाटला असणार. "आता किती म्हंजी," तो म्हणाला, "असंल की अर्धा आटा."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. मी छत्री फिरवली होती त्या दिवशी त्या नटाला शेवटचा हात लागला होता, तो दगडूभाईंचाच. दोन पावसाळे, कड्यावरून कोसळलेला प्रत्येक वारा, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी धुतलेली टोपी घालून माझ्या घरावरून मान वर करून गेलेला हा माणूस. आणि मी आत, त्यांचा मान राखत बसलेली.

"दगडूभाई," मी म्हटलं.

ते वर बघत होते. छत्रीकडे नाही, तिच्या पश्चिमेला भिंतीसारख्या उभ्या असलेल्या काळ्या टाकीकडे.

"टाकीमुळं वारा लागलाच न्हाई, बाई," ते म्हणाले.

चहा टाकावा म्हणून मी आत वळले. स्वयंपाकघर रिकामं होतं. शेगडी टेम्पोत सगळ्यांत खाली, गाद्यांच्या आणि कपाटाच्या मागे दबलेली. ड्रायव्हर घाई करायला लागला, ऊन व्हायच्या आत घाट उतरायचा होता. छत्री दगडूभाईंना देऊ केली तर म्हणाले, मला काय करायची, कुणातरी म्हातारीला द्या. मी त्यांचा हात हातात घेतला. असा मी त्यांचा हात आधी कधी धरला नव्हता. तळव्याला पान्याचा घट्टा होता.

टेम्पो वळणाला लागला तेव्हा मी मागे पाहिलं. दगडूभाई तिथेच उभे होते, मान वर करून, माझ्या मोकळ्या स्लॅबकडे बघत.